पाऊस लागला की झोप उडते

माझी मावशी नागपुरात अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, एका लेआऊटमध्ये तळमजल्यावर राहते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पलंगावरून पाय खाली टाकला आणि तो घोटाभर पाण्यात गेला, असं ज्यांच्या बाबतीत झालं त्यांतली ती एक. घरोघरी गणपती बसलेले होते. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, तलाव ओसंडला, नाग नदीनं काठ सोडला आणि डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, अंबाझरी लेआऊट या भागांत माणसं अंधारात गच्चीवर चढली. उजाडल्यावर बोटी आल्या, जवान आले. सुमारे दहा हजार घरांना फटका बसल्याचं सरकारनंच सांगितलं. मावशीचा कूलर गेला, दिवाणात ठेवलेल्या पैठण्या गेल्या, लग्नाचा अल्बम लगदा होऊन हातात आला. ती स्वतः सुखरूप राहिली.

“मला काय झालं? काहीच तर नाही झालं,” असं ती अजून सांगते. पण रात्री पाऊस लागला की तिची झोप उडते. उठते, दिवा न लावता खिडकीशी जाते आणि गेटबाहेरच्या नालीकडे बघत राहते. काकांना हलवून विचारते, “पाणी येऊन राहिलं का, बघा ना जरा.” काका वैतागतात. पुढच्या उन्हाळ्यात तिनं मला हळूच विचारलं, “मी काहून अशी करते रे बाबू? डोकं तर नाही ना फिरलं माझं?”

हा लेख तिच्या त्या प्रश्नासाठी आहे. पूर, अपघात, आग, मारहाण, बलात्कार, दंगल, आयसीयूच्या दारात घालवलेल्या रात्री, यांपैकी काहीही ज्यांच्यावर गुदरलं असेल त्यांच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी.

पूर्वी गावात जागल्या असायचा. गाव झोपलं की तो जागा. आपल्या प्रत्येकाच्या मेंदूत असा एक जागल्या असतो. धोका दिसला की तो आपल्याला विचारायला थांबत नाही, थेट आरोळी ठोकतो. छाती धडधडते, श्वास वाढतो, हातापायांकडे रक्त धावतं, भूक-झोप बाजूला पडते. त्या पहाटे याच जागल्यानं मावशीला सत्तरीच्या गुडघ्यांसकट जिना चढायला लावलं. अडचण पुढे होते. त्याला कॅलेंडर कळत नाही. पाणी ओसरलं, चिखल धुतला, भिंतींना रंग लागला, तरी त्याच्या लेखी २३ सप्टेंबर संपलेला नाही. पावसाचा आवाज, ओल्या मातीचा वास, अंधार, यांतली एखादी खूण पुरते; तो पुन्हा ओरडतो. मावशीचं डोकं फिरलेलं नाही. तिची राखण करणारा जरा जास्तच इमानी आहे, एवढंच.

म्हणून पहिल्या दिवसांत जे जे होतं त्याची यादी ऐकून घाबरू नका. झोप लागत नाही, लागली तर तेच स्वप्न पडतं. दार आपटलं तरी माणूस दचकतो. डोळ्यांसमोर प्रसंग येतो तो आठवण म्हणून येत नाही, पुन्हा घडतो आहे असाच येतो. एखाद्याला हुंदका आवरत नाही, तर दुसऱ्याला रडूच येत नाही. सख्ख्या माणसाच्या मयतीला तो मंडपवाल्याशी खुर्च्यांचा हिशोब करत उभा राहतो आणि नातेवाईक म्हणतात, काळजाचा दगड आहे. दगड नसतो हो तो. मनानं फ्यूज काढून ठेवलेला असतो, कारण एवढा दाब त्या तारांना झेपत नाही. महिनाभरानं भाजीच्या पिशवीचा बंद तुटला की तोच माणूस रस्त्यात ओक्साबोक्शी रडतो.

आपल्याकडे मनाचं दुखणं बरेचदा शरीराच्या दारानं येतं. “मन उदास आहे” असं सांगत कुणी फॅमिली डॉक्टरकडे जात नाही. छातीत भरून येतं, डोकं जड आहे, पोटात आग पडते, हातापायांना मुंग्या येतात, असं सांगत जातो. ईसीजी नॉर्मल निघतो, ॲसिडिटीची गोळी मिळते. ईसीजी काढायलाच हवा, छातीतलं दुखणं मनाचं आहे असं घरबसल्या ठरवू नये. पण तो नॉर्मल निघाला तर “दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे असं असं झालं होतं” हे वाक्य डॉक्टरांसमोर बोला. ते विचारतीलच असं नाही. ओपीडीत बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात.

रागाबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज होतो, असं मला वाटतं. आघातानंतर माणूस चिडका होतो, पोरांवर ओरडतो, चहात साखर कमी पडली म्हणून कप ढकलतो. हा जागल्याचाच उद्योग; सतत सावध असलेल्या शरीराला सहनशक्ती उरत नाही. पण सगळाच राग लक्षण म्हणून निकालात काढू नका. पुरानंतर अंबाझरीच्या परिसरातल्या रहिवाशांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. तलावाची सुरक्षा, नदीत अडथळा ठरणारी बांधकामं यांचा जाब विचारला. तो राग कुणी समुपदेशनानं शांत करायचा नसतो, त्याला वकील लागतो. ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात काहीतरी करण्यासारखं असणं, मग ते पंचनाम्याच्या मागे लागणं असो की भिजलेल्या मार्कशीटची दुसरी प्रत काढणं असो, हे मनालाही बळ देतं. आघाताच्या क्षणी आपण असहाय होतो. त्यानंतर आपण केलेली प्रत्येक छोटी गोष्ट त्या असहायतेला उत्तर देते.

आता अपराधीपण. यावर थांबायला हवं, कारण हे माणूस कुणाला सांगत नाही.

२३ नोव्हेंबर १९९४ ची संध्याकाळ नागपुरातल्या माझ्या पिढीला माहीत आहे. हिवाळी अधिवेशन चालू होतं. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून हजारो माणसं, बाया लेकरांना कडेवर घेऊन. दिवसभर निवेदन घ्यायला कुणी आलं नाही. संध्याकाळी गर्दी हलली, लाठ्या उगारल्या गेल्या आणि चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. त्यांत बाया आणि लेकरं सर्वाधिक. झिरो माईलजवळ त्यांचं स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, आणि दर २३ नोव्हेंबरला समाजाची माणसं अजूनही गावोगावहून तिथे येतात. मागणीचं काय झालं? २०१८ मध्ये उच्च न्यायालयानं बाजूनं निकाल दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला.

गर्दीतून जो जिवंत बाहेर येतो त्याला पुढे एकच प्रश्न खातो: हात सुटलाच कसा? मी घट्ट धरला असता तर? याचं उत्तर भावनेनं देऊ नका, शरीरशास्त्रानं द्या. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं कोंबली गेली की गर्दी पाण्यासारखी वाहते. माणूस आपल्या पायांवर चालत नाही, वाहून नेला जातो; श्वास घ्यायला छाती फुगवायलाही जागा नसते. तिथे पहिलवानाचाही हात सुटतो. माया कमी पडली म्हणून सुटत नाही.

अपराधीपणाची खोड अशी की शेवट कळल्यानंतर मन मागे जातं आणि प्रत्येक वळणावर पाटी लावत सुटतं: इथं वळायला हवं होतं, त्याला त्या गाडीनं जाऊ द्यायला नको होतं, डॉक्टर एक दिवस आधी बदलायला हवा होता. त्या वेळी त्या पाट्या नव्हत्या. “तुझी काही चूक नाही” हे वाक्य आपण घाईनं बोलतो, पण समोरच्याला ते पोचत नाही. त्याला वाटतं, याला पूर्ण गोष्ट माहीतच नाही. त्याऐवजी विचारा, त्या क्षणी तुला काय काय दिसत होतं? किती वेळ होता हातात? काय माहीत होतं आणि काय नंतर कळलं? तो स्वतःच्या तोंडानं सांगू लागला की, “दिवे गेले होते, दहा सेकंदही नव्हते,” हे त्याच्याच कानांवर पडतं. पटायला महिने लागतात. लागू द्या.

घरच्यांनी काय बोलावं, यापेक्षा काय बोलू नये हे सांगणं सोपं आहे. “मन घट्ट कर.” “वाचलास ना, देवाचे आभार मान.” “अमक्याचं तर दोन्ही पाय गेले.” “किती दिवस तेच ते?” यातलं शेवटचं वाक्य मावशीनं ऐकलं, आणि त्यानंतर ती पुराविषयी बोलेनाशी झाली. सगळ्यांना वाटलं, सावरली.

याच्या उलट टोकाला दुसरी हौस. भेटायला येणारा प्रत्येक जण सोफ्यावर बसून म्हणतो, “पहिल्यापासून सांगा, नेमकं झालं काय?” बोललं की हलकं वाटतं हे आपल्याला इतकं पटलेलं आहे की माणसाला बोलायचं आहे का, हे विचारायचं राहून जातं. घटना घडल्याघडल्या माणसाला बसवून सगळं वदवून घेण्याची पद्धत एके काळी तज्ज्ञही वापरत. अभ्यासांत तिचा फायदा दिसला नाही, काहींना त्रासच वाढला. जागतिक आरोग्य संघटना आता ती वापरू नका म्हणते. तिनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली तिचं सार तीन क्रियापदांत मावतं: बघा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे का, उपाशी आहे का, ते बघा. बोलेल तेवढंच ऐका, गप्प बसला तर सोबत गप्प बसा. आणि त्याला ज्याची गरज आहे त्याच्याशी, मग तो भाऊ असेल, तलाठी असेल की डॉक्टर, गाठ घालून द्या. भेटायला जाताना पोळी-भाजीचा डबा न्या. “काही लागलं तर सांग” असं म्हणून निघू नका, कुणीही सांगत नाही. “उद्या सकाळी पोरांना शाळेत मी सोडतो” असं म्हणा.

लहान मुलांचं वेगळं. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, आईचा पदर सुटत नाही, बाहुल्या पुन्हा पुन्हा पाण्यात बुडतात किंवा बसला पुन्हा पुन्हा आग लागते. तो खेळ बंद पाडू नका. पोर त्यातून घास चावून बारीक करतं आहे. शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयातल्या मुलांनाही त्या पहाटे पुरातून बाहेर काढावं लागलं होतं. पाण्याचा आवाजही न ऐकू आलेल्या त्या मुलांनी काय अनुभवलं असेल, हे शब्दांत विचारायची सोय नाही. चित्रं, माती, खेळ हीच तिथली भाषा, आणि ऐकू येणाऱ्या पाच वर्षांच्या पोराचीही बहुतेक हीच असते. मुलांपासून घटना लपवू नका. थोडक्यात, खरं, त्यांच्या वयाचं सांगा. आजी-आजोबांचा त्रास मात्र नजरेतून सुटतो. ते चिडत नाहीत, मागत नाहीत, जेवण कमी करतात आणि देवघरात जास्त वेळ बसतात.

घटनेचे व्हिडिओ हे आपल्या काळाचं नवं संकट. १ जुलै २०२३ ला नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पेटली आणि २५ प्रवासी गेले. सकाळी चहाच्या आधी त्या आगीची दृश्यं घराघरांतल्या ग्रुपवर होती. ज्यांचा त्या बसशी काहीही संबंध नव्हता अशांनी पुढे कित्येक दिवस रात्रीच्या बसची तिकिटं काढली नाहीत. बातमी वाचा, ती लागते. पण तेच दृश्य दहा वेळा पाहिल्यानं माहिती वाढत नाही, फक्त जागल्याला दहा वेळा उठवलं जातं. घरात कुणी अशा प्रसंगातून आलेलं असेल तर ग्रुप म्यूट करण्याचं काम त्याच्या वतीनं तुम्ही करा.

आणि टाळणं. ज्या गोष्टीची भीती बसली तिच्यापासून लांब राहिलं की लगेच बरं वाटतं, म्हणून टाळणं वाढत जातं. आधी रात्रीची बस, मग दिवसाची, मग हायवे, मग ऑटोसुद्धा. याला उतारा हळूहळू उलट चालण्याचा. पहिल्या आठवड्यात नुसतं गणेशपेठच्या बसस्टँडवर जाऊन चहा पिऊन या. मग भरदिवसा सोबतीनं वर्धेपर्यंत. छातीत धडधडेल. ती धडधड चढते, थोडा वेळ टिकते आणि खाली येते, हे शरीरानं स्वतः अनुभवलं पाहिजे. अर्ध्यावर उतरलात तर ते कळत नाही. मात्र जिथे धोका अजून खरा आहे, म्हणजे मारणारा नवरा अजून त्याच घरात आहे, तिथे भीती बरोबर सांगते आहे. तिथे सवय करायची नसते, बाहेर पडायचं असतं.

झोपेच्या गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलतो, कारण शेजारणीच्या डब्यातली अर्धी गोळी घेण्याची आपल्याकडे फार रीत आहे. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्रास कमी व्हावा म्हणून अल्प्राझोलाम, डायझेपाम या जातीच्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये डॉक्टरांनाच सांगितलं आहे. या गोळ्यांनी मन सावरायला मदत होत नाही आणि त्यांची सवय लागते. दारूचंही तेच, झोप येते, पण तुटक येते, आणि पहाटे तीनला भीती दुप्पट होऊन उठवते. त्यापेक्षा उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, दुपारनंतर चहा-कॉफी बंद करा आणि सकाळी चालायला जा. साधे उपाय आहेत, म्हणून कुणी करत नाही.

किती दिवस वाट बघायची? साधारण महिना. बहुतेकांच्या बाबतीत या काळात त्रासाचा चढ उतरणीला लागतो. जगात दर शंभरातल्या सत्तर माणसांच्या वाट्याला कधी ना कधी असा प्रसंग येतो. ज्यांच्या वाट्याला येतो त्यांतल्या दर शंभरातल्या साधारण सहा जणांमध्ये पुढे पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर न हटणारा तणावाचा आजार, मूळ धरतो. लैंगिक अत्याचार किंवा युद्ध भोगलेल्यांमध्ये हे प्रमाण बरंच जास्त. तेव्हा महिन्यानंतरही तीच स्वप्नं, तेच दचकणं, कामावर जाता न येणं, घरच्यांबद्दल काहीच न वाटणं चालू असेल, तर “जाईल हळूहळू” म्हणत बसू नका. काहींना सहा महिने काहीच होत नाही आणि मग अचानक सुरू होतं. तेही याच खात्यात धरा. आणि जगण्यात अर्थ नाही, मी नसतो तर बरं, असं कुणी एकदाही बोललं तर महिन्याची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, त्याला एकटं न सोडता, मदत घ्यायची. “आत्महत्येचा विचार येतो का?” असं सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

नागपुरात मदत दूर नाही. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय तर इंग्रजांच्या काळापासून आहे. शहरात ‘पागलखाना चौक’ हे नाव अजून ऑटोवाल्यांच्या तोंडी आहे, आणि त्या एका नावापायी किती माणसं ओपीडीच्या फाटकावरून परत फिरली असतील याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. तिथे जायची लाज वाटत असेल तर आधी फोन करा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही मिळते. जिवाला धोका असेल तर ११२.

उपचार म्हणजे आयुष्यभराच्या गोळ्या नव्हेत. आघातावर केंद्रित अशी बोलण्याची उपचारपद्धत आहे; त्यात प्रशिक्षित माणूस सोबत बसून, सुरक्षित खोलीत, तुमच्या वेगानं, ती घटना थोडी थोडी करून भूतकाळात नेऊन ठेवायला मदत करतो. बरेचदा काही महिन्यांत फरक दिसतो. गरज पडली तर नैराश्यावरची काही औषधं देतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावीत आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नयेत. पहिल्या डॉक्टरशी सूर जुळला नाही तर दुसरा शोधा. दाढीसाठी आपण न्हावी बदलतो.

तारखांसाठी तयार राहा. वर्षश्राद्ध, पहिला पाऊस, अधिवेशनाची थंडी, गणपतीचे दिवस. माणूस विसरलेला असतो, शरीर विसरत नाही. त्या आठवड्यात चिडचिड वाढली, झोप गेली तर कॅलेंडर बघा, बरेचदा उत्तर तिथे लिहिलेलं असतं. तो दिवस एकट्यानं काढू नका. झिरो माईलला नोव्हेंबरात जमणारी माणसं तीस वर्षांहून अधिक काळ हेच करत आली आहेत. फुलं वाहतात, घोषणा देतात, एकमेकांच्या पोरांची चौकशी करतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परततात.

मावशीसाठी आम्ही पावसाळ्याच्या तोंडाशी काही गोष्टी केल्या. घराची कागदपत्रं प्लास्टिकच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवली. तिच्या उशाशी टॉर्च आला. फ्लॅट स्कीममधल्या वरच्या मजल्यावरच्या ताईंनी त्यांच्या दाराची एक किल्ली तिच्याकडे दिली, रात्री केव्हाही ये म्हणाल्या. काकांना एवढंच सांगितलं की तिनं हलवलं तर वैतागायचं नाही, उठून सोबत खिडकीशी उभं राहायचं. ती अजूनही उठते. नालीवर टॉर्च मारते, पाणी कुठवर आहे ते काकांना सांगते, घोटभर पाणी पिते आणि परत येऊन पडते. परवा काका म्हणाले, “आता तिला लागते झोप. मीच जागा राहतो.”